समुद्र न पाहिलेल्या बाईंनी किनारा कसा शिकवावा?

अंबाजोगाईची_बाई:

सगळ्यांना नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. देवगड तालुका, वाघोटण खाडीच्या काठचं गाव. तिसरी-चौथी एकाच खोलीत, मिळून अकरा लेकरं. माझं माहेर आणि सासर दोन्ही अंबाजोगाईकडचं. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, बोअर नाहीतर टँकर. ते दिवसातून दोनदा आपणहून येतं आणि जातं, हे इकडं पोस्टिंग मिळाल्यावर बघितलं. (वाचलं होतंच की. पण वाचणं वेगळं.)

अडचण अशी की परिसर अभ्यासात किनारपट्टी शिकवायची आहे आणि वर्गात सगळ्यांत कमी समुद्र मलाच माहीत आहे. मी फळ्यावर पृथ्वी काढली, चंद्र काढला, बाण काढले. मागून एक जण म्हणाला, "बाई, आज भांग आसा, पानी जास्त चढाचा नाय." (भांग म्हणजे लहान भरतीचे दिवस, हे मला नंतर कळलं.) बाकीच्यांनी माना डोलावल्या. माझ्या बाणांकडं कुणी बघेना. पाणी कधी चढतं, कुठवर चढतं, कालवं कुठल्या खडकावर मिळतात, सगळं त्यांना ठाऊक. 'का' विचारलं की मात्र चिडीचूप. आणि वहीत लिहायला सांगितलं की "समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे येते त्यास भरती असे म्हणतात" एवढंच लिहितात. दारातल्या समुद्राशी त्या वाक्याचा काही संबंध आहे असं त्यांना वाटतच नाही.

इतिहासाचं उलटं. विजयदुर्ग जवळ आहे. कुणी बांधला विचारलं की एका सुरात "शिवाजी महाराजांनी!" पुढं काही नाही. त्यांच्या लेखी किल्ला म्हणजे सहलीच्या बसा थांबतात आणि गावातल्या काकी शहाळी विकतात ती जागा.

भूगोलाचा तास वेगळा, इतिहासाचा वेगळा. पण खाडीच्या काठावर उभं राहिलं की मला वाटतं या दोन गोष्टी वेगळ्या नसाव्यात. कुठून सुरुवात करू? मोबाईलवर व्हिडिओ आहेत, त्यात निळा समुद्र आणि कार्टूनचा मासा असतो. आमची लेकरं हसतात त्याला, असा मासा नसतोच म्हणतात.

आणखी दोन प्रश्न आहेत, ते वादाचे आहेत म्हणून शेवटी. एक, १७५६ साली विजयदुर्ग पडला तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूनं होते, हे नऊ वर्षांच्या लेकराला कसं सांगायचं? दोन, हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असं गावात सगळे सांगतात. खरं का?


फळा_आणि_खडू:

मॅडम, मनापासून सांगतो, एवढं डोक्याला लावून घेऊ नका. चौथीच्या मुलाला वाचन-लेखन आणि वजाबाकी आली तरी पुष्कळ. वरून विचारणार तेही तेच. किनारा, डोंगर, पठार एका तासात संपवायचं, नकाशात रंग भरून घ्यायचे, झालं. पालकसुद्धा भरती-ओहोटी आणि किल्ले विचारायला येत नाहीत.


सड्यावरचे_गुरुजी:

फळा_आणि_खडू, वजाबाकी किनाऱ्यावर पण होते हो.

बाई, मी याच तालुक्यात उभी नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, इकडे भूगोल आणि इतिहास वेगळे काढताच येत नाहीत. माझा सल्ला एकच. किल्ल्यापासून सुरुवात करू नका. गोदीपासून करा.

विजयदुर्गापासून खाडीने आत आलं की गिर्ये-रामेश्वरच्या बाजूला जुनी मराठा गोदी आहे. कातळ फोडून केलेली. लोक किल्ला बघतात, फोटो काढतात आणि परस्पर कुणकेश्वरला जातात. गोदीकडे फारसं कुणी फिरकत नाही. मुलांना ओहोटीच्या वेळी तिथे उभं करा आणि विचारा, ही कसली जागा असेल? गप्प बसतील. मग सांगा, इथे गलबतं दुरुस्त करायचे. लाकडी गलबत पाण्यात राहिलं की बुडाला शंखशिंपले धरतात, फळ्यांचे सांधे उकलतात. ते खरवडायचं, सांध्यांत कापूस ठासायचा, तेल-राळ लावायची, तर गलबत कोरड्यावर हवं. आता पुढचा प्रश्न. क्रेन नव्हती, पंप नव्हता. एवढं धूड पाण्याबाहेर काढलं कसं असेल?

इथे घाई करायची नाही. मी दरवेळी गप्प उभा राहायचो. कुणीतरी एक जण बोलतोच, "गुरुजी, भरतेर आत घेतल्यानी आसतला, आणि सुकतेर पानी गेला." झालं. भरतीला आत, दार बंद, ओहोटीला पाणी उतरलं की गलबत कोरड्या कातळावर. पुढच्या मोठ्या भरतीला बाहेर. तुमची भरती-ओहोटी तिथेच शिकवून झाली, आणि आंग्र्यांचं आरमारही सुरू झालं.

पुढची पायरी म्हणजे खाडी. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून बसलाय. जूनपासून नैऋत्येचा वारा सगळा त्याच्या अंगावर येतो, उघड्या समुद्रात लाकडी जहाज ठेवण्याची सोय नाही. मग ठेवायचं कुठे? आत, खाडीत. म्हणून आपल्या किनाऱ्यावरचे दुर्ग बघा, बहुतेक कुठल्या तरी खाडीच्या तोंडाशी नाहीतर बंदराच्या समोर बसलेत. विजयदुर्ग वाघोटणच्या तोंडाशी आहे. मालवणचं बंदर सांभाळायला सिंधुदुर्ग आणि हर्णैचं सांभाळायला सुवर्णदुर्ग. किल्ला म्हणजे खाडीच्या दारावरचा राखणदार, एवढं मुलांना दिसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

अजून एक. गलबताला चाळीस-पन्नास वल्ही असायची आणि ते उथळ पाण्यात चालायचं. इंग्रजांची, डचांची मोठी जहाजं खोल बुडाची. ती मागे लागली की गलबतं खाडीत शिरायची. मोठं जहाज आत आलं तर रुतणार. मुलांना थर्माकोलची दोन जहाजं करायला लावा, एकाला खाली जाड खिळा लावा, आणि पुळणीवरच्या उथळ पाण्यात सोडायला सांगा. कुठलं रुततं ते त्यांना दिसेल. १७२० साली इंग्रज विजयदुर्गावर चालून आले, १७२४ साली डच आले. दोघांनाही हात हलवत परत जावं लागलं. खिळ्याचा खेळ झाल्यावर ही सालं सांगितलीत तर ती लक्षात राहतात. आधी सांगितलीत तर नाही.

तुमच्या दोन वादाच्या प्रश्नांवर सवडीने लिहितो. दुपारी वीज जाते इकडे.


अलिबागकर:

गुरुजींनी मुद्द्याचं सांगितलं. मी रायगड जिल्ह्यात शिकवते. आमच्याकडे कुलाबा किल्ला आहे, ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. त्यामुळे आमच्या मुलांना वेळ काढता यावीच लागते, नाहीतर किल्ल्यावर अडकून बसायची पाळी.

आमचे कोळी पालक जो हिशेब करतात तोच मी वर्गात घेते. तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावस्येला बाराच्या आसपास. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, म्हणून या हिशेबात थोडी चूक राहते. ती चूक चौथीच्या मुलांनाच शोधायला लावा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी असतेच. (फळा_आणि_खडू सर, पाऊणपटीचा पाढा इथे फुकटात होतो.)

हा हिशेब मुंबई-अलिबागचा आहे. तुमच्याकडे भरती आमच्यापेक्षा थोडी आधी येईल. आणि पाणीही कमी चढेल. मुंबईला पावसाळ्यात साडेचार-पाच मीटरच्या भरतीच्या बातम्या येतात, गोव्याकडे जावं तशी ती दोन-अडीच मीटरवर येते. उत्तरेला खंभातच्या आखातात चिंचोळ्यात पाणी कोंडून दहा मीटरच्या आसपास चढतं. एकच समुद्र, पण किनाऱ्याचा आकार बदलला की भरती बदलते. हे माझ्या मुलांना फार आवडतं, कुणाची भरती मोठी यावरून भांडतात.

तुम्ही अंबाजोगाईच्या आहात म्हणून एक सांगते. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेलं समुद्रप्रवासाचं वर्णन आहे. त्यात पैठण आणि तगर, म्हणजे तुमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं तेर, या गावांचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदरावर जायचा असं लिहिलंय. पैठणहून गोमेदासारखे खडे आणि तेरहून कापड. त्याच वर्णनात आमच्या चौलचं बंदरही आहे. तेव्हा तुमच्या गावाकडचा समुद्राशी संबंध नाही असं मुलांना अजिबात सांगू नका. नकाशावर तेरपासून किनाऱ्यापर्यंत दोरा लावा, तुमचीही गोष्ट त्यात येईल.


अंबाजोगाईची_बाई:

ताई, तेरचं वाचून अंगावर काटा आला. तेर आमच्याकडनं लांब नाही. संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून लहानपणी दर्शनाला नेलं होतं, तिथलं संग्रहालयही बघितलं होतं. पण तिथला माल जहाजात चढत होता हे कुणी सांगितलं नव्हतं. वर्गात सांगितलं, तर एकीनं विचारलं, "बाई, मगे तुमच्या गावात बंदर का नाय?" आता हा खरा भूगोलाचा प्रश्न झाला.

भरतीचं काम सुरू केलं. शाळा रंगवल्यावर उरलेला ऑइलपेंट होता, त्यानं एका बांबूवर वीत-वीत अंतरावर लाल-पांढरे पट्टे मारले आणि धक्क्याच्या खांबाला तो बांधला. सकाळी शाळेत येताना आणि घरी जाताना पाणी कुठल्या पट्ट्यावर ते लिहायचं. रात्रीची भरती कोण बघणार, हा प्रश्न होता. तर एकाचे वडील मासेमारीला निघताना बॅटरी मारून पट्टा वाचतात आणि सकाळी पोराजवळ निरोप देतात. वहीत आता एक रकाना वडिलांच्या नावाचा आहे.

त्यातून दोन गोष्टी निघाल्या. तिथीच्या पाऊणपटीपेक्षा आमचं पाणी खरंच आधी चढतं. दुसरी मला कळत नाही, तीच विचारायची आहे. दिवसाची भरती आणि रात्रीची भरती सारखी नाही. एक मोठी, एक लहान. मी म्हटलं वाचण्यात गफलत झाली असेल, तर लेकरं म्हणाली, "तशीच आसता."


नकाशावाला:

गफलत नाही, मुलं बरोबर आहेत. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. चंद्र बहुतेक वेळा विषुववृत्ताच्या नेमका वर नसतो, थोडा उत्तरेला नाहीतर दक्षिणेला असतो. त्यामुळे चंद्राच्या ओढीने पाण्याचे जे दोन फुगवटे तयार होतात ते तिरके पडतात, आणि फिरताना आपण एकदा फुगवट्याच्या जाड भागाखालून जातो, एकदा पातळ भागाखालून. मुलांना चेंडूवर ओला टॉवेल तिरका गुंडाळून दाखवता येईल. वही जपून ठेवा, वर्षभरात कुठली भरती मोठी हेही बदलताना दिसेल.

मी पुण्यात नकाशांचं काम करतो, शिक्षक नाही. पण एक खेळ सुचवतो, माझ्या भाचीवर करून बघितलाय. तालुक्याचा नकाशा घ्या, जेवढा मोठा मिळेल तेवढा. एका गटाला आगपेटीच्या काड्या द्या, किनाऱ्यावर काडीला काडी लावत जायचं आणि मोजायचं. दुसऱ्या गटाला सुती दोरा द्या, प्रत्येक खाडीत आत शिरून, प्रत्येक भूशिराला वळसा घालून लावायचा, मग सरळ करून मोजायचा. देवगड तालुक्यात वाघोटण, मोंड, मिठबाव अशा खाड्याच खाड्या, त्यामुळे दोरेवाल्यांचा किनारा काडीवाल्यांपेक्षा बराच लांब निघणार. दोघंही म्हणणार आम्हीच बरोबर.

मग त्यांना सांगा की सरकारचंही असंच झालं. १९७० च्या दशकातल्या मोजणीनुसार भारताचा किनारा ७,५१६.६ किलोमीटर. आपण सगळ्यांनी तोच आकडा पाठ केला. आता नव्या मोजणीत तो ११,०९८.८१ किलोमीटर झालाय. जवळजवळ दीडपट. समुद्रातून जमीन वर आली नाही. आधी १:४५,००,००० प्रमाणाचा नकाशा वापरला होता, या वेळी १:२,५०,००० चा. काडीऐवजी दोरा. पाठ्यपुस्तकात जुना आकडा असला आणि बातमीत नवा, तर मुलं विचारतील खरं कुठलं. तेव्हा हा खेळ झालेला असला की उत्तर त्यांच्याकडेच असेल.


रापणकार:

बाई, नमस्कार. मी वेंगुर्ल्याकडचो. मास्तर नाय, रापणीचो धंदो. माझ्या चेडवान ह्या सगळा वाचून दाखवल्यान म्हणून लिवतंय. पुढचं शुद्धात लिहितो, नाहीतर बाकीच्यांना कळायचं नाही.

पोरांच्या आज्यांना शाळेत बोलवा. पुस्तकात मासेमारीची चार वाक्यं असतात आणि ट्रॉलरचं चित्र. रापण बघायची असेल तर बघायला मिळते अजून. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, आणि दोन रांगा करून माणसं ओढतात. बायका, पोरं, म्हातारे सगळे. मग वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. तुमच्या त्या वजाबाकीवाल्या सरांना सांगा, अपूर्णांक शिकवायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही, कारण वाटा चुकला तर भांडण होतं.

दुसरं, महिन्यांचा तक्ता करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. मासे अंडी घालतात तो काळ, आणि समुद्रही खवळलेला. होड्या वर ओढून चुडतांनी, म्हणजे माडाच्या झावळ्यांनी, शाकारून ठेवतात. नारळी पुनवेला नारळ सोडतात, मग सुरुवात. मग बांगडो कधी, तारली कधी, सुरमई कधी, हे पोरांनी घरी विचारून भरायचं. गुरुजींनी आरमाराचं सांगितलं, तर आरमारही पावसात असंच वर काढलेलं असायचं. तेव्हा चार महिने लढाई का नव्हती हे पोरांना सांगायला लागणार नाही.

आता महत्त्वाचं. सहलीला नेणार असाल तर ओहोटी संपायच्या सुमाराला पोचा आणि पाणी फिरलं की मागे फिरा. "अजून जरा वेळ" नाही. खाडीच्या तोंडाशी ओहोटीची ओढ भयंकर असते, वरून पाणी शांत दिसतं. पोहता येणाऱ्या पोरांची जास्त भीती, कारण ती घाबरत नाहीत. चपला घालू द्या, कालवांच्या कडांनी पाय चिरतो. हिरव्या शेवाळावर पाय नको. होडीत बसवणार असाल तर लाइफ जॅकेट प्रत्येकाला, तुम्हालाही. आणि शंख गोळा करताना रिकामेच घ्यायचे, आत जीव असला की परत ठेवायचा.


फळा_आणि_खडू:

रापणकार दादा, वाट्याचं गणित पटलं. आमच्याकडे समुद्र नाही, पण गुऱ्हाळावर असेच वाटे पडतात. करून बघतो.


सड्यावरचे_गुरुजी:

वीज आली. बाईंचे दोन प्रश्न राहिलेत.

आधी हेलियम, कारण ते सोपं आहे आणि इकडे बोललं की लोक रागावतात. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. चंद्राची सावली पश्चिमेकडून पूर्वेला धावते, त्यामुळे ती अरबी समुद्रावरून येऊन भारतात पहिल्यांदा आपल्याच किनाऱ्यावर चढली, मग विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण अशी पुढे गेली. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकयर यांचं नाव किल्ल्यावर घेतात, पण ते त्या दिवशी इंग्लंडमध्ये होते. सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला तिकडूनच नोंदवली, ग्रहण नसताना. पृथ्वीवर हेलियम मिळाला तो १८९५ साली, रॅमसे यांना. तेव्हा किल्ल्यावरच्या 'साहेबाच्या कट्ट्या'वर लॉकयरना बसवू नका. मुलांना किल्ल्याच्या पश्चिम तटावर उभं करा आणि सांगा, भर सकाळी समुद्रावरून काळोख धावत आपल्याकडे आला होता. हे खरं आहे, आणि माझ्या मते शोधाच्या गोष्टीपेक्षा भारी आहे.

आता १७५६. हे लपवू नका. मुलं पुढे मोठी होऊन कुठेतरी वाचतात आणि मग आपण शिकवलेल्या बाकीच्यावरचाही विश्वास जातो. पण 'फितूर', 'गद्दार' हे शब्द फळ्यावर येऊ देऊ नका. नकाशा मांडा. उत्तरेला मुंबई इंग्रजांची. खाली जंजिरा सिद्दीचा. दक्षिणेला गोवा पोर्तुगीजांचा. घाटावर पुण्याला नानासाहेब पेशवे. आणि मध्ये किनाऱ्यावर तुळाजी आंग्रे, कान्होजींचे चिरंजीव, ज्यांचं पेशव्यांशी बिनसलेलं. एकेक मूल एकेका ठिकाणी उभं करा, आणि ज्याला जहाजं हवीत, ज्याला दस्तक (समुद्रातून जायचा परवाना) हवा, ज्याला वसूल हवा, त्याने तसं बोलावं. तुळाजी झालेल्या मुलाला विचारा, तू कुणाशी मैत्री करशील? माझ्या वर्गात एकदा तुळाजी झालेला पोरगा रडकुंडीला आला, म्हणाला कुणीच उरला नाही.

मग सांगा पुढे काय झालं. पेशव्यांचं सैन्य जमिनीवरून, वॉटसन आणि क्लाइव्ह जहाजांवरून. फेब्रुवारी १७५६. इंग्रजांचा एक बाँबगोळा बंदरातल्या जहाजावर पडला. जहाजं एकमेकांना लागून बांधलेली, आग पसरत गेली आणि आंग्र्यांचं आरमार धक्क्यातच जळालं. गलबतं आत खाडीत सुरक्षित असायची म्हणून आपण एवढं शिकवलं, आणि तीच एका जागी बांधलेली असल्यामुळे एकदम गेली. हे मुलांना नीट बोलू द्या, मी यावर एक अख्खा तास द्यायचो. त्याच वर्षी इंग्रजांनी किल्ला पेशव्यांना परत दिला, बदल्यात बाणकोट मिळवला. पुढे विजयदुर्गाहून आनंदराव धुळप पेशव्यांचं आरमार चालवत होते, आणि १७८३ साली त्यांनी इंग्रजांचं 'रेंजर' जहाज पकडलं. पण तोवर कान्होजींच्या वेळची दहशत राहिली नव्हती.

चूक कुणाची, असं मुलं विचारणारच. मी माझं मत सांगायचो, की घरचं भांडण मिटवायला बाहेरचं आरमार बोलावणं महागात पडलं. पण ते शेवटी, आणि "हे माझं मत" असं म्हणून. एक मुलगी म्हणाली होती, तुळाजीनेच आधी नमतं घ्यायला हवं होतं. तिलाही मी चूक म्हटलं नाही.

आणि तुमच्या वर्गातली 'तुमच्या गावात बंदर का नाही' म्हणणारी, तिला खारेपाटण दाखवा. तुमच्याच खाडीच्या वरच्या अंगाला आहे, आता मुंबई-गोवा महामार्गावरचं गाव. तिथे शक ९३० चा, म्हणजे सन १००८ चा शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट मिळाला. एवढ्या आत, तरी व्यापाराचं गाव. भरतीच्या जोरावर माल तिथवर चढायचा आणि पुढे घाटावर जायचा. खाडी गाळाने भरली, रस्ते झाले, रेल्वे झाली, बंदर संपलं. बंदर कायमचं नसतं, हे तिला आपल्याच खाडीत दिसेल.


अंबाजोगाईची_बाई:

गुरुजी, तुमचं नकाशाचं नाटक घेतलं. वर्गात जंजिऱ्याचा सिद्दी व्हायला सगळे तयार होते, पेशवा व्हायला कुणी नाही, मग मीच झाले. तुळाजीनं शेवटी डचांकडं जायचं ठरवलं. मी नको म्हणाले नाही.

दोऱ्याचा खेळही झाला. काडीवाले आणि दोरेवाले अजून बोलत नाहीत एकमेकांशी. आपला किनारा लांब ठरवायला दोरेवाल्यांनी एका ओढ्यातसुद्धा दोरा घातला होता, मग खाडी कुठं संपते आणि नदी कुठं सुरू होते यावर वाद. मी निकाल दिला नाही. रविवारी लेकरं पाणी चाखत चाखत वर जाणार आहेत म्हणे, खारट लागायचं थांबेल ती हद्द. सोबत दोघींच्या आया असतील.

गोदीची सहल षष्ठीला ठरवली आहे. पाऊणपट केली की भरती साडेचार, म्हणजे ओहोटी सव्वादहाच्या पुढं. आमचं पाणी आधी चढतं-उतरतं म्हणून साडेनऊला गोदीत पोचायचं. चार पालक येतायत, त्यातले दोघे तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख. केंद्रप्रमुखांची परवानगी मिळाली. जहाजाला खिळा लावून तयार आहे. अजून काही राहिलं का?


रापणकार:

बाई, दोन तांडेल आसत म्हणजे काळजी नाय. त्यांका सांगा, पाणी फिरताना शिट्टी मारूक. पिण्याचं पाणी जास्त न्या, कातळावर सावली नाही. आणि मोजायला टेप घ्या, गोदीची लांबी-रुंदी पोरांकडूनच मोजून घ्यायची.


अंबाजोगाईची_बाई:

टेप आहे की. शिवणाची, दीड मीटरची.


सड्यावरचे_गुरुजी:

दीड मीटरच्या टेपेने गोदी मोजत बसलात तर भरती येईल, बाई. ग्रामपंचायतीत तीस मीटरची असते. अर्ज नको, शिपायाला सांगा. सहलीच्या आदल्या संध्याकाळीच आणून ठेवा, साडेनऊला ग्रामपंचायत उघडत नाही.